वॉरंटीतला लॅपटॉप अपडेटनंतर चालू होईना. सर्व्हिस सेंटर म्हणतं, "सॉफ्टवेअर कव्हर होत नाही"

हिशोबनीस_सांगली

लॅपटॉप सात महिन्यांचा, वॉरंटी एक वर्षाची. इंटेलची १२वी जनरेशन, ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी, विंडोज ११ होम कंपनीकडूनच आलेलं. अपडेट लागलं, रीस्टार्ट झाला आणि निळी स्क्रीन: "इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस". दोन-तीनदा आपोआप बंद-चालू होऊन "ऑटोमॅटिक रिपेअर"वर जातो, तिथे दुरुस्ती जमली नाही असं सांगतो. पुढे काहीही उघडायला गेलं की बिटलॉकरची (विंडोजमधलं डिस्कचं कुलूप) ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. बिटलॉकर कधीच चालू केलेलं नव्हतं.

सर्व्हिस सेंटरचं उत्तर तोंडी: "सॉफ्टवेअर प्रॉब्लेम आहे, वॉरंटीत येत नाही. फॉरमॅटचे १,५०० अधिक जीएसटी, डेटा जाणार. विंडोज अ‍ॅक्टिव्हेट झालं नाही तर लायसन्सचे वेगळे पैसे."

आत टॅलीचा (हिशोबाचं सॉफ्टवेअर) डेटा आहे, श्रीलिपीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली बरीच कागदपत्रं आहेत. शेवटचा बॅकअप दीड महिन्यापूर्वीचा. तीन प्रश्न:
१. डेटा काढता येईल का?
२. विंडोज खरंच विकत घ्यावं लागेल का?
३. कंपनीने असं हात वर करणं नियमात बसतं का?

---

पाना_पक्कड

फॉरमॅटला "हो" म्हणू नका. आणि "सॉफ्टवेअर" हे निदानही लगेच मान्य करू नका, कारण हीच निळी स्क्रीन एसएसडी खराब होऊ लागल्यावरही येते. एसएसडी हा हार्डवेअरचा भाग. तो बिघडलेला निघाला तर पैसे देण्याचा प्रश्नच उरत नाही. दहा मिनिटांत नुसती स्क्रीन बघून हा फरक कळत नाही.

तपासणी विंडोजशिवाय होते. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर लावा आणि चालू करताना कंपनीच्या डायग्नोस्टिक्समध्ये जा. एचपीला एस्केप दाबून मग एफ२, डेलला एफ१२ दाबून यादीतून डायग्नोस्टिक्स. बाकी कंपन्यांची बटणं त्यांच्या सपोर्ट पानावर मॉडेल नंबर टाकून मिळतात. "क्विक टेस्ट" पास झाली म्हणून थांबू नका. स्टोरेज आणि मेमरी दोन्हींची लांबलचक टेस्ट चालवा, मेमरीला तास-दोन तास लागू शकतात. रॅम खराब असेल तर अपडेटच्या फायली डिस्कवर उतरतानाच चुकीच्या लिहिल्या जातात, म्हणून तीही तपासायची. टेस्ट फेल झाली की स्क्रीनवर एक कोड येतो (एचपीत त्याला फेल्युअर आयडी म्हणतात). त्याचा फोटो काढा. हा कोड हातात असला की समोरचा "सॉफ्टवेअर" म्हणू शकत नाही.

एसएसडी जात असल्याची इतर लक्षणं: बायोसच्या (विंडोजच्या आधी सुरू होणारी मशीनची मूळ सेटिंग्ज) यादीत कधी दिसतो, कधी नाही, थंड असताना दिसतो, गरम झाल्यावर गायब, कॉपी करताना ठरावीक फाइलवर वेग केबीत येतो आणि "आय-ओ डिव्हाइस एरर" येते. यातलं काही दिसलं तर दुरुस्तीचे प्रयोग बंद, आधी डेटा बाहेर.

दुसरी शक्यता तुमच्या मशीनला चपखल बसते. ११व्या जनरेशनपासून इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपवर बायोसमध्ये व्हीएमडी नावाचं, एसएसडी कसा जोडला जातो ते ठरवणारं सेटिंग असतं. विंडोज ज्या स्थितीत बसवलं ती स्थिती बदलली, तर बूट होताना लागणारा ड्रायव्हर (एसएसडी चालवणारा छोटा प्रोग्रॅम) मिळत नाही आणि नेमका हाच संदेश येतो. बायोस अपडेट झालं किंवा कोणी बायोसमध्ये "लोड डिफॉल्ट्स" केलं की हे सेटिंग गुपचूप उलटू शकतं, आणि विंडोज अपडेटमधून बायोसचं अपडेटही उतरतं. बायोसमध्ये ते बघा, उलट करून एकदा बूट करून पाहा. एसरच्या काही मॉडेलमध्ये ते लपलेलं असतं, मेन टॅबवर कंट्रोल-एस दाबल्यावर दिसतं.

---

शून्य_एक

पाना_पक्कड यांच्याशी सहमत, फक्त क्रम बदला: बायोसमधलं काहीही हलवण्याआधी रिकव्हरी की शोधा. बिटलॉकरची किल्ली लॅपटॉपमधल्या टीपीएम या सुरक्षा चिपमध्ये असते, आणि बूटची परिस्थिती पूर्वीसारखी आहे असं वाटलं तरच ती चिप किल्ली देते. बायोस अपडेट झालं, सिक्युअर बूट बदललं, काही वेळा व्हीएमडी बदललं, की ती अडून बसते. तुमच्याकडे की मागतोच आहे, त्यामुळे आता नवं नुकसान नाही. पण हा धागा वाचणाऱ्या इतरांनी लक्षात ठेवावं.

"मी कधी चालू केलंच नाही" हे बहुतेकांचं खरं असतं. होम आवृत्तीत याला डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात, आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन-इन केलं की ते आपोआप चालू होतं. यातली चांगली गोष्ट अशी की आपोआप चालू होताना की आधी त्या अकाउंटवर चढते, तोवर कुलूप खऱ्या अर्थाने लागत नाही. म्हणजे तुमची की कुठल्यातरी अकाउंटवर आहे. प्रश्न फक्त कोणाच्या, हा.

फोनवरून एकेए डॉट एमएस स्लॅश मायरिकव्हरीकी (शेवटचे तीन शब्द सलग, इंग्रजीत) उघडा. लॅपटॉपच्या निळ्या स्क्रीनवर "की आयडी" असतो, त्याची पहिली आठ अक्षरं यादीतल्या आयडीशी जुळवा. यादीत दोन-तीन की असू शकतात. आयडी जुळेल तीच चालते. तुमच्या अकाउंटवर नसेल तर लॅपटॉप पहिल्यांदा कोणी सुरू करून दिला ते आठवा. दुकानदाराने "सेटअप करून देतो" म्हणत स्वतःचा ईमेल टाकलेला असणं अजिबात दुर्मीळ नाही. घरातल्या मुलाचं अकाउंट असू शकतं. कॉलेज किंवा ऑफिसच्या ईमेलने साइन-इन केलं असेल तर की त्या संस्थेच्या आयटी विभागाकडे असते, ते काढून देऊ शकतात.

की मिळालीच नाही तर डेटा गेला. एसएसडी काढून दुसऱ्या मशीनला लावला तरी तो कुलूपबंदच राहतो. "बिटलॉकर तोडून देतो" म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभर सुमारे ८५ लाख विंडोज मशीन पडली तेव्हा दुरुस्ती होती एक फाइल पुसण्याइतकीच. ऑफिसांचे दिवस गेले ते मशीनगणिक की शोधून टाकण्यात.

की मिळाल्यावर डेटा असा काढा:

रिपेअर स्क्रीनवर ट्रबलशूट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग कमांड प्रॉम्प्ट. ४८ आकडे टाका. "स्किप धिस ड्राइव्ह" दाबू नका. काळी खिडकी तरीही उघडते, पण ड्राइव्ह बंदच राहतो आणि लोक समजतात डेटा उडाला. मोठा पेनड्राइव्ह किंवा बाहेरची हार्डडिस्क लावा. आता काळ्या खिडकीत "नोटपॅड" टाइप करून एंटर द्या. नोटपॅडच्या फाइल मेनूत ओपन, खाली "ऑल फाइल्स" निवडा: हीच तुमची फाइल खिडकी. फोल्डरवर राइट-क्लिक, कॉपी, बाहेरच्या डिस्कवर पेस्ट. प्रगती दाखवणारी पट्टी येत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते. बंद करू नका, डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर काम चालू आहे. इथे विंडोजचा ड्राइव्ह सी नसून डी किंवा ई असू शकतो, अक्षर बघून गोंधळू नका.

फोल्डर मोठे असतील तर रोबोकॉपी (काळ्या खिडकीतली कॉपीची कमांड) बरं. त्याला स्लॅश-ई (आतले सगळे फोल्डर), स्लॅश-आर कोलन १ आणि स्लॅश-डब्ल्यू कोलन १ (अडलेल्या फाइलवर एकदाच, एक सेकंद थांबून प्रयत्न) आणि स्लॅश-एक्सजे हे स्विच द्या. आर आणि डब्ल्यू दिले नाहीत तर मूळ सेटिंगप्रमाणे ते एका खराब फाइलवर दहा लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून, प्रयत्न करत बसतं. एक्सजे विसरलात तर अ‍ॅपडेटाच्या आतल्या शॉर्टकट-फोल्डरांत ते गोलगोल फिरत राहतं.

काय काय घ्यायचं: युझर्समधलं तुमच्या नावाचं फोल्डर तर हवंच. टॅली-प्राइमचा डेटा मात्र बहुधा त्यात नसतो. तो युझर्समधल्या पब्लिक फोल्डरात, टॅलीप्राइम, मग डेटा, आत आकड्यांच्या नावाचे फोल्डर असा असतो, किंवा इन्स्टॉल करताना दुसरीकडे ठेवलेला. आकड्यांचे फोल्डर जसेच्या तसे उचला, आतल्या सुट्या फायली नकोत. आणि विंडोजमधलं फॉन्ट्स फोल्डर घ्या. श्रीलिपीची जुनी कागदपत्रं युनिकोडमध्ये नसतात; तो फॉन्ट नसेल तर मजकूर शाबूत असूनही चिन्हांचा काला दिसतो.

---

हिशोबनीस_सांगली

दोघांचे आभार. की दुकानदाराच्या अकाउंटवर निघाली, त्यांनी फोटो पाठवला. डेटा बाहेर काढला, दुसऱ्या मशीनवर टॅली उघडून ताळेबंद जुळवून पाहिला. स्टोरेज आणि मेमरीच्या लांब टेस्ट पास. व्हीएमडी चालू-बंद दोन्ही करून पाहिलं, निळी स्क्रीन तीच. आता विंडोज कसं उभं करायचं? आणि लायसन्स?

---

शून्य_एक

व्हीएमडी मूळ जागी म्हणजे चालू ठेवा आणि मग या क्रमाने जा. प्रत्येक पायरीनंतर एकदा बूट करून बघा.

आधी अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये अनइन्स्टॉल अपडेट्स, तिथे "लेटेस्ट क्वालिटी अपडेट". तुमच्यासारख्या घटनेत बऱ्याचदा इथेच काम होतं. "फीचर अपडेट" काढणं सहसा दहा दिवसांतच शक्य असतं. क्वालिटी अपडेट काढताना "पेंडिंग" वगैरे सांगून अडलं तर कमांड प्रॉम्प्टमध्ये डिझमला (विंडोज दुरुस्तीची कमांड) विंडोजचा ड्राइव्ह इमेज म्हणून द्या आणि क्लीनअप-इमेज, रिव्हर्टपेंडिंगअ‍ॅक्शन्स (सलग) असे स्विच लावा. अर्धवट अडकलेलं अपडेट ते मागे घेतं. त्यानंतर सिस्टिम रिस्टोअर, रिस्टोअर पॉइंट असेल तर. स्टार्टअप रिपेअर पुन्हा पुन्हा चालवण्यात अर्थ नाही, ते आपोआप होऊन गेलंच आहे.

एक खोडा: ऑक्टोबर २०२५च्या विंडोज ११च्या मासिक अपडेटनंतर या रिपेअर स्क्रीनवर यूएसबी कीबोर्ड आणि माउस चालेनासे झाले होते, मायक्रोसॉफ्टने २० ऑक्टोबरला वेगळं अपडेट काढून ते सुधारलं. तिथे माउस हलत नसेल तर तोही बिघडला असं समजू नका. लॅपटॉपचाच कीबोर्ड वापरा किंवा पेनड्राइव्हवरून बूट करून त्यातला "रिपेअर" पर्याय घ्या.

हे सगळं फसलं तर "रिसेट धिस पीसी". "कीप माय फाइल्स"वर फार विसंबू नका: प्रोग्रॅम सगळे जातात, आणि प्रोग्रॅम फाइल्समध्ये डेटा ठेवणारी जुनी सॉफ्टवेअर असतील तर तोही जातो. तुमचा डेटा बाहेर आहे, त्यामुळे चिंता नाही. लोकल आणि क्लाउड असे दोन पर्याय येतात. लोकलमध्ये नवं विंडोज त्याच बिघडलेल्या फायलींतून बांधलं जातं, म्हणून क्लाउड घ्या. साधारण ४ जीबी डाउनलोड होतं.

तुमच्या ठिकाणी मी थेट कोरं इन्स्टॉलच करीन. दुसऱ्या मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घ्या, किमान ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह. त्याच पेनड्राइव्हवर एका फोल्डरात लॅपटॉप कंपनीच्या साइटवरचा इंटेल आरएसटीचा (व्हीएमडीसाठी लागणारा) ड्रायव्हर सुटा करून ठेवा, म्हणजे आत आयएनएफ फाइल दिसली पाहिजे, नुसती ईएक्सई नव्हे. कारण व्हीएमडी चालू असलेल्या मशीनवर सेटअप "कुठे इन्स्टॉल करायचं" या पानावर रिकामी यादी दाखवतो. इथेच बरेच जण "एसएसडी मेला" असा निष्कर्ष काढतात, काही दुकानदार नवा विकतातही. "लोड ड्रायव्हर" दाबून तो फोल्डर दाखवा, एसएसडी दिसेल. मग ड्राइव्ह ०वरची सगळी पार्टिशन डिलीट करून मोकळ्या जागेवर नेक्स्ट. बाहेरची हार्डडिस्क त्या वेळी काढून ठेवा. डेटाची एकमेव प्रत असलेली डिस्क याच पानावर पुसली जाते.

वाय-फायचा ड्रायव्हर सेटअपमध्ये नसला तर होम आवृत्ती नेटशिवाय पुढे सरकू देत नाही. अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

लायसन्स विकत घेऊ नका. विंडोज ८पासून कंपनीने बसवलेल्या विंडोजची की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये लिहिलेली असते. सेटअप ती स्वतः वाचतो, होम की प्रो हेही त्यावरूनच ठरवतो, आणि नेट मिळालं की अ‍ॅक्टिव्हेट होतो. अपवाद मदरबोर्ड बदलल्याचा, तेव्हा नव्या बोर्डात की भरून देणं सर्व्हिस सेंटरचं काम. सोबत आलेलं ऑफिस मात्र मायक्रोसॉफ्ट अकाउंटला बांधलेलं असतं. तेही दुकानदाराच्या अकाउंटवर गेलंय का बघा.

या वेळी साइन-इन स्वतःच्या अकाउंटने करा. एन्क्रिप्शन पुन्हा आपोआप लागेल आणि नवी की तयार होईल. दुकानदाराच्या फोटोतली आता निरुपयोगी. नवी की कागदावर छापून ठेवा, फक्त लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.

---

बुधवार_पेठ_४११००२

एक जोड. कोरं विंडोज बसवल्यावर टचपॅडचे जेश्चर, फिंगरप्रिंट, स्पीकरचा आवाज यांत खोट राहते, कारण कंपनीचे खास ड्रायव्हर नसतात. त्याऐवजी कंपनीचीच रिकव्हरी इमेज घेता येते: डेलची सपोर्टअसिस्ट ओएस रिकव्हरी, एचपीचं क्लाउड रिकव्हरी टूल (पेनड्राइव्ह ३२ जीबीचा लागतो), लेनोवोची डिजिटल डाउनलोड रिकव्हरी. सिरियल नंबर टाकला की त्या मॉडेलची इमेज फुकट मिळते. यात व्हीएमडीची कटकटही राहत नाही. तोटा एवढाच की कंपनीची नको ती ट्रायल सॉफ्टवेअर परत येतात.

आणि दुकानात द्यायचाच असेल तर, पुण्याची तापकीर गल्ली असो की मुंबईचा लॅमिंग्टन रोड, आधी विचारा की विंडोज कुठलं टाकणार. खिशातल्या पेनड्राइव्हवरचं "सगळं टाकून मिळेल" छापाचं विंडोज म्हणजे बहुधा क्रॅक केलेलं प्रो: अ‍ॅक्टिव्हेटर डिफेंडर (विंडोजचा अँटिव्हायरस) बंद करून बसतो. बँकिंग आणि जीएसटी पोर्टलचं काम त्यावर करणं धोक्याचं. बोर्डातलं होमचं खरं लायसन्स पडून राहतं ते वेगळंच.

---

कलम_आणि_कायदा

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं आहे.

सॉफ्टवेअर आणि डेटा वगळल्याची ओळ बहुतेक सगळ्या वॉरंटी कार्डांवर असते, आणि तुमच्या घटनेत, म्हणजे सात महिन्यांनी अपडेटमुळे विंडोज पडलं, त्यावर भांडण्याइतका दम नाही. पण त्या ओळीचा अर्थ सर्व्हिस सेंटर लावतं तितका रुंद नाही. मायक्रोसॉफ्टच्या लायसन्सच्या अटींप्रमाणे आधीपासून बसवून आलेल्या विंडोजच्या मदतीसाठी ग्राहकाने जायचं ते मशीन बनवणाऱ्याकडेच. वॉरंटी कार्डाने पैसे घेण्याची मुभा दिली असेल, पण "आमचा संबंध नाही" हे उत्तर चुकीचं.

बायोसचं प्रकरण वेगळं. कंपनीच्याच अपडेट-सॉफ्टवेअरने पाठवलेल्या बायोसमुळे मशीन चालूच होत नसेल, स्क्रीन काळी, फक्त दिवे लुकलुकतात, तर ते "सॉफ्टवेअर" म्हणून ग्राहकाच्या माथी मारता येऊ नये. आधी रिकव्हरीची बटणं वापरून बघा (एचपीला विंडोज आणि बी दाबून पॉवर, डेलला कंट्रोल आणि एस्केप धरून चार्जर लावणे), नाही जमलं तर वॉरंटीचाच दावा करा आणि सोडू नका.

दोन्ही प्रकारांत तोंडी बोलणं नको. जॉबशीट (मशीन जमा केल्याची पावती) घ्या आणि त्यावर लक्षण, कोणती टेस्ट चालवली, तिचा निकाल आणि नकाराचं कारण लिहून घ्या. "टेस्ट केली नाही" हेही लिहून द्यायला लावा. इथेच बऱ्याचदा सूर बदलतो. मग कंपनीच्या सपोर्टला ईमेल: सिरियल नंबर, बिलाची तारीख, जॉबशीट नंबर, डायग्नोस्टिक्सचा फोटो. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ती न्यायालय नव्हे, पण तिथून गेलेली तक्रार कंपनीच्या वेगळ्या टेबलावर पोचते.

त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, दुकान पुण्यात असलं तरी सांगलीला चालते. मुदत दोन वर्षं, खरेदीची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, दाखल ऑनलाइन ई-जागृती पोर्टलवर. तुमच्यासाठी एक बारकावा: बिल फर्मच्या नावावर जीएसटी नंबरसह असेल तर समोरचे "व्यावसायिक वापर, म्हणून ग्राहक नाही" हा मुद्दा काढतात. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगारात वापरलेली वस्तू कायद्याच्या स्पष्टीकरणात त्यातून वगळली आहे, पण तसा वापर तक्रारीतच मांडावा लागतो.

विंडोज स्वतः पुन्हा टाकल्याने हार्डवेअरची वॉरंटी सहसा जात नाही. मागचं झाकण उघडून एसएसडी काढण्याबाबत मात्र कार्डावरची अट आधी वाचा. आतला स्क्रू किंवा स्टिकर हलला की पुढच्या खऱ्या बिघाडाला तेच कारण दाखवतात. डेटा काढायला झाकण उघडावं लागलं नाही, ते बरं झालं.

---

हिशोबनीस_सांगली

अपडेट काढणं "पेंडिंग" म्हणून अडलं होतं. डिझमने मागे घेतल्यावर लॅपटॉप जुन्या विंडोजसह सुरू झाला, कोरं इन्स्टॉल करावं लागलं नाही. आता दुकानदाराच्या अकाउंटवरून मशीन सोडवायचं आहे. एन्क्रिप्शन आधी बंद करून मग अकाउंट बदलू की उलट?

---

शून्य_एक

आधी तुमचं अकाउंट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून जोडा. मग सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी आणि सिक्युरिटीखाली डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद करा, डिक्रिप्शन पूर्ण होऊ द्या (चार्जर लावून ठेवा, मध्ये बंद करू नका) आणि तुमच्या अकाउंटमधून पुन्हा चालू करा. नवी की तुमच्या अकाउंटवर दिसली, आयडी जुळला, की मगच दुकानदाराचं अकाउंट काढा. काढताना त्या अकाउंटचं युझर फोल्डरही पुसलं जातं, म्हणून तुमच्या फायली त्याच फोल्डरात असतील तर आधी हलवून घ्या. त्याच अपडेटची पुन्हा घाई नको, विंडोज अपडेटमध्ये "पॉज" करून दोन-तीन आठवडे थांबा.